वक्रवाणी आणि हॅट : 'मिलर्स क्रॉसिंग'च्या शैलीविषयी

एखाद्या कलाकृतीला 'शैलीदार' म्हणणे हा आपल्याकडे क्वचितच निर्भेळ गौरव असतो. त्या शब्दामागे बहुधा एक न उच्चारलेला 'परंतु' दबा धरून बसलेला असतो. फडके-खांडेकर वादाच्या दिवसांत 'तंत्र' या शब्दाची जी गत झाली, तीच पुढे 'शैली'ची झाली. आशय हे धान्य आणि शैली हे त्याचे टरफल, असा एक समज आपल्या समीक्षेत खोलवर रुजलेला आहे. सौंदर्यशास्त्रावरील आपली चर्चा कितीही पुढे गेली असली, तरी प्रत्यक्ष परीक्षण लिहावयास बसलेला मराठी समीक्षक या समजापासून फारसा दूर जात नाही. जोएल आणि ईथन कोएन या बंधूंच्या 'मिलर्स क्रॉसिंग' या चित्रपटावर घेतला गेलेला मुख्य आक्षेप नेमका याच समजातून आलेला आहे. चित्रपट देखणा आहे, संवाद चटकदार आहेत, पण आत काही नाही. सारे काही उसने, थंड आणि चकचकीत आहे, असे हा आक्षेप सांगतो. मला हा आक्षेप चुकीचा वाटतो. तो ज्या निरीक्षणावर उभा आहे ते निरीक्षण मात्र अगदी अचूक आहे. या चित्रपटातील माणसे खरोखरच शैलीच्या आड राहतात. प्रश्न इतकाच आहे की, ती तेथे का राहतात, आणि तेथून बाहेर येण्याची किंमत काय पडते.

प्रथम काही आवश्यक तपशील. चित्रपट १९९० सालचा. त्याच वर्षी मार्टिन स्कॉर्सेसी यांचा 'गुडफेलाज' आणि कोपोला यांच्या 'गॉडफादर' मालिकेचा तिसरा भाग प्रदर्शित झाला, आणि या दोन थोरल्यांच्या गर्दीत कोएन बंधूंचा हा चित्रपट तिकीटबारीवर जवळजवळ दिसेनासा झाला. चित्रण न्यू ऑर्लिन्स येथे झाले; परंतु कथेतील शहराला नाव नाही. काळ अमेरिकेतील दारूबंदीचा. संविधानाच्या अठराव्या दुरुस्तीने आलेली ही बंदी जानेवारी १९२० मध्ये अमलात आली व डिसेंबर १९३३ मध्ये एकविसाव्या दुरुस्तीने उठली. दोन्ही तारखांच्या मधल्या जवळजवळ चौदा वर्षांत गुन्हेगारपटाचा मूळ साचा जन्मास आला. १९३१ मधील 'लिटल सीझर' व 'द पब्लिक एनिमी' आणि १९३२ मधील 'स्कारफेस' हे तीनही चित्रपट बंदी चालू असतानाच निघाले. त्यांच्यासाठी तो वर्तमानकाळ होता. कोएन बंधूंसाठी तो साठ वर्षांपूर्वीचा, आणि मुख्यतः वाचलेला व पाहिलेला, काळ आहे. हे वाचलेपण त्यांनी लपविलेले नाही.

कथानक गुंतागुंतीचे आहे, तरी पुढील विवेचनासाठी त्याचा सांगाडा देणे भाग आहे. शहरावर लिओ ओबॅनन या आयरिश म्होरक्याची सत्ता आहे. महापौर आणि पोलीसप्रमुख त्याच्या शब्दाबाहेर नाहीत. टॉम रीगन हा त्याचा सल्लागार व मित्र. जॉनी कॅस्पर हा इटालियन प्रतिस्पर्धी लिओकडे एक मागणी घेऊन येतो : बर्नी बर्नबाउम नावाचा सट्टेवाला आपल्या ठरवून हरविलेल्या मुष्टियुद्धांची बातमी बाहेर विकतो, तेव्हा त्याला मारण्याची परवानगी मिळावी. लिओ नकार देतो. बर्नीची बहीण व्हर्ना हिच्यावर त्याचे मन जडले आहे, हे त्या नकाराचे खरे कारण. टॉमला हा नकार म्हणजे घोडचूक वाटते. आणि टॉमचे स्वतःचेही व्हर्नाशी गुप्त संबंध आहेत. तो हे लिओपुढे कबूल करतो, मार खातो, हाकलला जातो व कॅस्परकडे जातो. तेथे निष्ठेची परीक्षा म्हणून त्याने बर्नीला 'मिलर्स क्रॉसिंग' नावाच्या रानात नेऊन ठार मारावे असे ठरते. टॉम हवेत गोळ्या झाडतो आणि त्याला पळून जाऊ देतो. बर्नी शहरात परततो तो उपकार फेडण्यासाठी नव्हे. टॉमने आपल्याला जिवंत सोडले हेच हत्यार करून तो टॉमला कोंडीत पकडतो. पुढचे सारे या एका दयेचे पडसाद आहेत. अखेरीस कॅस्पर, त्याचा उजवा हात एडी डेन, मिंक आणि बर्नी असे सारे मरतात, लिओ पुन्हा गादीवर येतो आणि टॉम त्याच्यापासून दूर होतो.

या कथेचे गोत्र डॅशिएल हॅमेटच्या 'द ग्लास की' (१९३१) या कादंबरीत आहे. राजकीय म्होरक्या आणि त्याचा जुगारी मित्र, त्यांच्यामध्ये आलेली एक स्त्री, मित्राने निमूटपणे खाल्लेला मार, हे सर्व तेथून आलेले आहे. एका शहरातील दोन टोळ्या एकमेकींवर घालून सर्वनाश घडवून आणण्याची युक्ती 'रेड हार्वेस्ट' (१९२९) मधली. हॅटसुद्धा 'द ग्लास की'मध्ये आहे. तेथे एका प्रेताजवळ हॅट सापडत नाही आणि ती नसणे हाच पुरावा ठरतो. मात्र माझ्या मते हॅमेटकडून घेतलेली सर्वांत महत्त्वाची वस्तू कथानकात नसून निवेदनपद्धतीत आहे. त्या कादंबरीत निवेदक नायकाच्या मनात एकदाही शिरत नाही. 'त्याला वाटले', 'त्याने विचार केला', 'त्याच्या मनात आले' अशी क्रियापदे तेथे जवळजवळ निषिद्ध आहेत. तो काय करतो, काय बोलतो आणि त्याचा चेहरा कसा दिसतो, एवढेच सांगितले जाते. चित्रपटाने हे व्रत पाळले आहे. गेब्रिएल बर्न याने उभा केलेला टॉम आपल्याला सतत दिसतो, सतत ऐकू येतो, आणि तरी कळत नाही. मनाचे दार बंद ठेवल्यावर प्रेक्षकाला उरते ती केवळ भाषा. म्हणून या चित्रपटाचा विचार भाषेपासून सुरू करणे हा भाषाशास्त्राच्या माणसाचा हट्ट नव्हे, ती कृतीचीच मागणी आहे.

ही भाषा कशी आहे? पात्रे भेटली की एकमेकांना विचारतात, 'काय गलबला?' मूळ शब्द 'रम्पस'. तो खुशालीच्या प्रश्नाच्या जागी येतो. स्त्रीसाठी 'ट्विस्ट', निघून जाण्यासाठी लोंबण्याचे क्रियापद, तुच्छतेने वागविण्यासाठी 'उंच हॅट देणे'. यांतील काही शब्द हॅमेटचे, काही त्या काळच्या बोलीतले, आणि काही लेखकद्वयाने नव्याने घडविलेले असावेत असे त्यांच्या ठेवणीवरून वाटते. प्रेक्षकाला पहिल्या वीस मिनिटांत निम्मे बोलणे समजत नाही. तरी तो हरवत नाही. कारण प्रत्येक शब्द इतक्या वेळा आणि इतक्या निश्चित प्रसंगी येतो की, मूल भाषा शिकते तसा तो ती शिकत जातो. लेखक एकही अर्थ फोडून सांगत नाहीत. भाषाशिक्षणाचा हा प्रयोग वर्गात दाखविण्याजोगा आहे.

गुन्हेगारांच्या बोलीचा अभ्यास हे आपल्या शास्त्रातील एक जुने दालन आहे. अमेरिकेत डेव्हिड मॉरर यांनी आयुष्याचा मोठा भाग त्यात घालविला. भामट्यांच्या भाषेवरील त्यांचे 'द बिग कॉन' १९४० साली निघाले, आणि पुढे चोरट्या दारूभट्टीवाल्यांच्या बोलीवरही त्यांनी लिहिले. एम. ए. के. हॅलिडे यांनी १९७६ साली या सर्व बोलींसाठी एक सिद्धांत मांडला. समाजाच्या विरोधात उभा राहिलेला गट स्वतःची 'प्रतिभाषा' निर्माण करतो. तिचे व्याकरण मूळ भाषेचेच असते, परंतु ज्या वस्तूंभोवती त्या गटाचे जीवन फिरते त्यांच्यासाठी शब्दांचे पीक उगवते. हॅलिडे यांच्या आधारसामग्रीत कलकत्त्याच्या गुन्हेगारी जगाचा भक्तिप्रसाद मल्लिक यांनी केलेला अभ्यासही होता, हे आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आपल्याकडे व्यापाऱ्यांची नंदभाषा होती. गिऱ्हाइकासमोर भावाचे आकडे बोलावेत आणि गिऱ्हाइकाला ते कळू नयेत, एवढाच तिचा हेतू. गुप्तभाषेला एक 'बाहेरचा' लागतो. ज्याच्यापासून लपवायचे तो नसेल तर ती निरर्थक ठरते.

आणि येथेच 'मिलर्स क्रॉसिंग'ची भाषा सिद्धांताच्या चौकटीत बसेनाशी होते. या शहरात बाहेरचा कोणीच नाही. महापौर हीच बोली बोलतो, पोलीसप्रमुख हीच बोलतो, व्हर्ना टॉमच्या तोडीस तोड बोलते, मारेकरी आणि सट्टेवाले तर बोलतातच. साध्या, सरळ, कायदेशीर इंग्रजीत बोलणारा एकही नागरिक आपल्याला भेटत नाही. प्रतिभाषा हीच प्रमाणभाषा झाली आहे. ही गोष्ट लेखकांच्या विनोदबुद्धीतून आली असेल. पण तिच्यात दारूबंदीविषयीचे असे एक सत्य आहे, जे इतिहासग्रंथांतील आकड्यांतून सहसा हाती लागत नाही. शहरातील बहुसंख्य माणसे जे रोज करतात तेच कायद्याने गुन्हा ठरविले की, कुंपण गुन्हेगारांभोवती पडत नाही. कुंपणाच्या आत संपूर्ण शहरच येते. मग पोलीस कोणाच्या अड्ड्यावर धाड घालतात हा न्यायाचा प्रश्न न राहता सत्तेचा राहतो. चित्रपटात पोलीस आधी कॅस्परच्या अड्ड्यावर धाड घालतात आणि सत्ता पालटताच तेच पोलीस लिओच्या अड्ड्यावर घालतात. दोन्ही वेळा अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर तोच कंटाळा असतो.

मराठी वाचकाला याचे फार नवल वाटू नये. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने आपल्या भाषेलाही काही शब्द दिले. 'हातभट्टी' या शब्दाला जो काळोखा अर्थ चिकटला तो त्या काळातला. आणि 'परमिट रूम' ही पाटी आजही महाराष्ट्रातील गावोगावच्या मद्यालयांवर झळकते. ज्या परवान्याच्या व्यवस्थेतून ती आली, ती व्यवस्था बहुतेक पिणाऱ्यांच्या विस्मरणात गेली आहे. कायदा शिथिल होतो, शब्द मात्र मागे राहतो.

तेव्हा, लपविण्यासाठी नसेल तर ही बोली कशासाठी आहे? येथे पाश्चात्त्य सिद्धांतापेक्षा आपल्या साहित्यशास्त्रातील एक संज्ञा अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते. कुंतकाने वक्रोक्तीला काव्याचे जीवित मानले. परंतु त्याच्या व्यापक वक्रोक्तीआधी रुद्रटाने वक्रोक्तीचा एक मर्यादित आणि फार चतुर अर्थ दिला होता. एकाने एका अर्थाने बोललेले वाक्य दुसऱ्याने मुद्दाम निराळ्या अर्थाने घ्यावयाचे आणि त्यावर उत्तर द्यावयाचे. टॉम रीगनची बहुतेक उत्तरे या जातीची आहेत. त्याला भावनेचा प्रश्न विचारला की, तो त्यातील एखाद्या शब्दाला उत्तर देतो. मदतीचा हात पुढे आला की तो त्याचा अपमान म्हणून स्वीकार करतो. त्याच्यावर सट्ट्याचे मोठे कर्ज आहे; लिओ ते फेडावयास वारंवार तयार असतो, आणि टॉम दर वेळी ते बोलणे अशा रीतीने वळवितो की, नकारही उघड होऊ नये आणि कृतज्ञताही उघड होऊ नये. वसुलीचे गुंड येऊन त्याला बडवितात तेव्हा दोन्ही बाजू अत्यंत सभ्यपणे वागतात, किंबहुना चित्रपटातील सर्वांत सुसंस्कृत संभाषण तेच असावे. वक्रता ही या माणसांची सभ्यता आहे. सरळ बोलणे म्हणजे आपले पत्ते उताणे टाकणे, आणि जेथे सर्वांच्या खिशात पिस्तूल आहे तेथे ते कोणालाही परवडत नाही.

हे लक्षात ठेवून आरंभीचा प्रसंग पुन्हा पाहावा. पेल्यात बर्फाचे खडे पडतात, दारू ओतली जाते, आणि जॉन पोलिटोने रंगविलेला कॅस्पर लिओच्या मेजासमोर बसून एक भाषण करतो. 'गॉडफादर'च्या (१९७२) आरंभी याचक डॉनपुढे येतो त्याची ही जाणूनबुजून केलेली आठवण आहे. मात्र तेथे याचक न्याय मागतो. येथे कॅस्पर नीतिशास्त्र सांगतो. मैत्री, चारित्र्य आणि नीती यांची तो घामाघूम होऊन जपमाळ ओढतो, आणि त्याची तक्रार काय, तर ठरवून केलेल्या लबाडीतसुद्धा आता विश्वास उरलेला नाही. मग माणसाने भरवसा ठेवावा तरी कशावर? प्रेक्षागृहात येथे हशा पिकतो, आणि तो योग्यच आहे. परंतु कॅस्पर दांभिक नाही, हे विसरू नये. त्याच्या शब्दाशब्दात तळमळ आहे. खोटेपणाच्या धंद्यालाही खऱ्याचा आधार लागतो, हे त्याचे म्हणणे तर्कदृष्ट्या बिनतोड आहे. आणि पुढे हाच भाबडा नीतिवादी टॉमच्या सांगण्यावर विश्वास ठेवून स्वतःच्या सर्वांत निष्ठावान माणसाला, डेनला, ठार मारतो. या शहरात मनापासून बोलणारा कॅस्पर हा एक. त्याचे काय होते ते आपण पाहतो.

शब्दांची ही लपाछपी हॅमेटलाही प्रिय होती. 'द माल्टीज फाल्कन'मध्ये त्याने एका तरुण गुंडासाठी 'गन्सेल' हा शब्द वापरला. शब्दात 'गन' असल्यामुळे संपादकाने तो बंदूकवाला असा समजून छापला. वस्तुतः तो यिडिशमधील हंसाच्या पिलासाठी असलेल्या शब्दावरून आलेला, आणि समलिंगी संबंधांतील पोरगेल्या जोडीदारासाठीचा, शब्द होता. छापण्याचा अर्थ एक, खरा अर्थ एक. नंतरच्या अनेक लेखकांनी तो बंदूकवाल्याच्या अर्थानेच उचलला आणि आता कोशांत दोन्ही अर्थ नांदतात. कोएन बंधूंना हा इतिहास ठाऊक असणार, असे मानावयास जागा आहे. कारण त्यांच्या कथेत डेन, मिंक आणि बर्नी या तिघांमधील नात्याची गाठ हीच अनेक खुनांची किल्ली आहे, आणि ती अर्ध्यामुर्ध्या शब्दांतून, चालता चालता सांगितली जाते. बुसेमीने रंगविलेला मिंक एवढ्या भरधाव बोलतो की, प्रथमदर्शनी ते सारे निसटते. येथे मला एक दोषही नोंदविला पाहिजे. आयरिश, इटालियन, ज्यू यांना उद्देशून पात्रे ज्या शिव्या देतात त्या काळाला धरून आहेत. बर्नीला यिडिशमध्ये 'चिंधी' म्हणून हिणविले जाते, ते पात्रांचे म्हणणे आहे हे मान्य. तथापि, ज्यू आणि समलिंगी असलेला बर्नीच सर्वांत विश्वासघातकी निघावा, ही निवड लेखकांची आहे, पात्रांची नव्हे, आणि चित्रपट त्या निवडीकडे पुरेशा तटस्थतेने पाहत नाही. व्हर्नाचेही तसेच. मार्शा गे हार्डनने तिला ताठ कणा दिला आहे. पटकथेने मात्र तिला शेवटी केवळ दोन पुरुषांमधील अंतर मोजण्याचे माप करून ठेवले.

'शैलीदार' या शब्दाची परमावधी म्हणून ज्या प्रसंगाचा नेहमी उल्लेख होतो, तो लिओच्या घरावरील हल्ल्याचा. आल्बर्ट फिनीचा लिओ रात्री पलंगावर पडून ग्रामोफोनवर 'डॅनी बॉय' ऐकत आहे. खालच्या मजल्यावरून फरशीच्या फटींतून धूर येतो. तो सावकाश चिरूट विझवितो, सपाता घालतो, पलंगाखाली सरकून मारेकऱ्याच्या घोट्यावर गोळी झाडतो, त्याची टॉमी गन उचलतो आणि खिडकीतून उतरून रस्त्यावर उभा राहतो. मागे घर जळत असते; पुढे मोटार पेटते; गाणे थांबत नाही. फ्रँक पॅटरसन यांचा आवाज शेवटच्या स्वरावर येतो तेव्हा लिओ चिरूट पुन्हा तोंडात धरतो. हा प्रसंग अशक्य आहे आणि तो अशक्य असल्याचे दिग्दर्शकाला ठाऊक आहे. ग्रामोफोन घरात जळून गेला असणार, तरी गाणे रस्त्यावर ऐकू येते, म्हणजे ते आता यंत्रातून येत नसून लिओच्या स्वतःविषयीच्या कल्पनेतून येत आहे. तो स्वतःला जुना, भावुक, अजिंक्य आयरिश सरदार समजतो. गंमत अशी की, आयरिशपणाचे हे जगन्मान्य गीत फ्रेडरिक वेदर्ली या इंग्लिश वकिलाने लिहिले आणि १९१३ मध्ये ते एका जुन्या आयरिश धुनेवर बसविले गेले. लिओची मायभूमीही उसनी आहे. शैली येथे नटवेपणा करीत नाही, ती एका माणसाच्या आत्मप्रतिमेचे मोजमाप घेते. याउलट टॉमच्या वाट्याला असे एकही गाणे येत नाही. त्याच्या वाट्याला मार येतो, आणि कार्टर बरवेल यांनी एका आयरिश विलापिकेवर बांधलेले ते मंद पार्श्वसंगीत.

आता हॅटविषयी. श्रेयनामावलीच्या वेळी रानात एक काळी हॅट वाऱ्याने उडत दूर जाते. पुढे टॉम व्हर्नाला सांगतो की, हे त्याचे स्वप्न होते. व्हर्ना उत्साहाने विचारते की, तू तिच्यामागे धावलास आणि ती दुसरेच काहीतरी झाली, असेच ना? टॉम म्हणतो, नाही. ती हॅटच राहिली, आणि मी धावलो नाही. आपल्या हॅटमागे धावणाऱ्या माणसापेक्षा मूर्ख दुसरे काही दिसत नाही. पदव्युत्तर निबंधांतून 'प्रतीक' हा शब्द किती सढळ हाताने वापरला जातो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी या संवादाचा आस्वाद सावकाश घ्यावा. व्हर्नाला लक्षणा हवी आहे, टॉम अभिधेवर अडून बसतो. आणि चित्रपटही त्याच्या बाजूने साक्ष देतो. आरंभी एका गल्लीत लिओच्या माणसाचे प्रेत पडलेले असते. एक लहान मुलगा येतो, प्रेताच्या डोक्यावरचा केसांचा टोप काढून घेतो आणि पळतो. नंतर लिओ विस्मयाने म्हणतो, त्यांनी त्याचे केस नेले, असे का केले असेल? त्याला त्यात शत्रूचा संदेश दिसतो. आपल्याला माहीत असते की, तेथे अर्थ नव्हताच, एक पोर होते. खुणांचा अर्थ लावण्याची घाई या कथेत माणसांचे प्राण घेते. कॅस्परने डेनच्या वागण्याचा लावलेला अर्थ हे त्याचे भयंकर उदाहरण.

तरीही हॅट केवळ हॅट नाही. टॉमचा तो नकारही वक्रोक्तीच आहे. चित्रपटभर ती त्याच्या डोक्यावरून उडविली जाते, जुगारात हरली जाते, मार खाताना पडते, आणि दर वेळी तो ती उचलून, झटकून, नीट बसवितो. मराठीत डोक्यावरच्या वस्त्राला प्रतिष्ठेचे आणि फसवणुकीचे अर्थ एकदमच चिकटले आहेत; पगडीने मान राहतो आणि टोपी घातली की माणूस फसतो. टॉमच्या हॅटमध्ये हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी बसतात. ती त्याची प्रतिष्ठा आहे आणि तिच्या काठाखाली डोळे झाकले जातात. तिच्यामागे धावणे म्हणजे तिची गरज असल्याचे कबूल करणे.

या सर्व झाकलेपणात एकच फट पडते, ती रानात. बॅरी सॉनेनफेल्ड यांच्या कॅमेऱ्याने तो रानाचा भाग उंच सरळ खोडांमधून, सूर्य नसलेल्या हिरव्या उजेडात टिपला आहे. शहरातील लाकडी तावदानांच्या खोल्यांनंतर ही मोकळी जागा अधिकच कोंडलेली वाटते. जॉन टर्टुरोचा बर्नी पुढे चालतो आहे, टॉम मागे पिस्तूल घेऊन. बर्नी रडतो, कोसळतो, गुडघ्यांवर येतो. आणि चित्रपटात प्रथमच कोणीतरी बोलीचे सारे अलंकार टाकून बोलते. जनावरासारखा येथे मरू शकत नाही, तू तसा माणूस नाहीस, आपल्या हृदयात डोकावून पाहा, हे तो पुनःपुन्हा म्हणतो. त्यात ना वळसा, ना ऐट. टॉम ऐकतो आणि सोडतो. प्रेक्षकाच्या छातीवरचे ओझे उतरते. अखेर कोणीतरी खरे बोलले आणि कोणीतरी ते ऐकले, असे वाटते.

नंतर तोच बर्नी टॉमच्या खोलीत अंधारात खुर्चीवर बसलेला दिसतो. तो पुन्हा बोलीत परतला आहे, आणि रानातील प्रसंगाबद्दल तो टॉमलाच दोष देतो. शेवटी जिन्यावर, कॅस्परला मारल्यानंतर, टॉम पिस्तूल रोखतो तेव्हा बर्नी पुन्हा गुडघ्यांवर येतो आणि तीच वाक्ये, त्याच क्रमाने, त्याच हुंदक्यांसह उच्चारतो. भाषाशास्त्रात आपण म्हणतो की, तीच उक्ती दुसऱ्यांदा उच्चारली की ती तीच उक्ती राहत नाही. परिस्थिती बदललेली असते आणि पहिला उच्चार तिच्या अर्थाचाच एक भाग झालेला असतो. या प्रसंगाइतके त्याचे क्रूर उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. रानातील विलाप सच्चा होता की नाही, हे आता कधीच कळणार नाही. कदाचित सच्चा असेलही. परंतु एकदा तो कामी आला, म्हणून तो दुसऱ्यांदा वापरला गेला, आणि वापरला जाताच तोही एक बोली झाला, सर्वांत धूर्त बोली. टॉम विचारतो, कोणते हृदय? आणि गोळी झाडतो.

या दोन शब्दांवरून टॉमला हृदयच नाही असा निष्कर्ष काढणारे समीक्षक माझ्या मते घाई करतात. हृदय नसलेल्या माणसाला त्या प्रश्नाची गरज पडत नाही. डेन त्याला पुन्हा रानात नेतो, बर्नीचे प्रेत दाखव म्हणतो, तेव्हा हाच थंड माणूस झाडाशी वाकून ओकतो. वाणी ताब्यात आहे, जठर नाही. गेब्रिएल बर्नच्या अभिनयाचे मोल या एका क्षणात आहे. तेथे शब्दांचे सारे चिलखत शरीराने आतून फोडले आहे. चित्रपटाला थंड म्हणणाऱ्यांनी हा क्षण विसरून चालणार नाही. थंडपणा हा या कृतीचा स्वभाव नाही, तो तिचा विषय आहे. आणि विषय रंगविण्यासाठी कृतीने स्वतः थोडे थंड व्हावे, हे औचित्याला धरूनच आहे.

शेवटच्या प्रसंगात बर्नीचा दफनविधी आटोपला आहे. लिओ सांगतो की, व्हर्ना आणि तो लग्न करणार आहेत. मग टॉमच्या मागे येतो. आता सारे त्याला कळले आहे, टॉमने हे सगळे त्याच्यासाठीच केले, असे तो म्हणतो. टॉम उलट विचारतो की, तुला तुझ्या कृत्यांची कारणे नेहमी ठाऊक असतात का? लिओ त्याला परत ये म्हणतो, आणि त्याच्या चुकीची क्षमा करतो. लिओच्या तोंडी या चित्रपटातील दुसरे सरळ बोलणे आहे, आणि बर्नीसारखा त्यात काही डाव नाही. टॉमचे उत्तरही या वेळी वाकडे नाही : क्षमा मी मागितली नव्हती आणि मला ती नको. निरोपाचे दोन शब्द, आणि संपले. लिओ झाडांमधून दूर चालत जातो. टॉम एका खोडाला टेकून उभा राहतो, दोन्ही हातांनी हॅट कपाळावर ओढतो, आणि तिच्या काठाखालून डोळे वर करून, तो दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडे पाहत राहतो.